पाकी उंबरठ्यावर संपत नाही

२०१० सालचा उन्हाळा होता. २०११ च्या जनगणनेच्या आधीचे घरयादीचे काम आम्हा शिक्षकांकडे आले होते. माझ्या वाट्याला माझाच मोहल्ला आणि त्याला लागून असलेली वस्ती आली. हातात फॉर्म, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि प्रत्येक दारात तेच प्रश्न. भिंती कशाच्या, छत कशाचे, खोल्या किती, पाणी घरात येते की बाहेरून आणावे लागते, संडास आहे की नाही.

संडासाच्या प्रश्नापुढे नुसते 'आहे' लिहून भागत नव्हते. मैला कुठे जातो तेही विचारायचे होते. भुयारी गटारात, सेप्टिक टाकीत, खड्ड्यात की उघड्या नालीत? हा प्रश्न ऐकला की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कोपऱ्यावरच्या घरातली खाला म्हणाली, "बेटी, गेल्यावर कुठे जातं ते कोण बघत बसतं? आपलं घर साफ आहे, बस झालं."

तिने कौतुकाने मला संडास दाखवला. पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात तोटीचा लोटा, हाताशी नळ, दाराला आतून कडी. इस्तंज्याला पाण्याची कमी नको म्हणून वर वेगळी टाकी. खरोखर लख्ख होता. बाहेर आले तर त्याच भिंतीतून चार इंची पाइप निघून सरळ गल्लीच्या नालीत सोडलेला. मी फॉर्मवर 'उघड्या नालीत' असे लिहिले. खालाला ते आवडले नाही. "लोटा घेऊन बाहेर जाणाऱ्यांत तू मला बसवलंस," असे ती पुढे कित्येक दिवस म्हणत होती.

कधीच न भरणारी टाकी

त्या संध्याकाळी मी घरी सासऱ्यांना विचारले, "अब्बा, आपल्या संडासाचं कुठे जातं?"

"जिन्याखाली सेफ्टी टँक आहे ना," ते म्हणाले. आपल्याकडे सेप्टिक टाकीला सगळे 'सेफ्टी टँक'च म्हणतात.

"शेवटची कधी उपसली?"

"पक्की टाकी आहे. भरतच नाही." अब्बांच्या आवाजात अभिमान होता. टाकी बांधून तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

मलाही बरे वाटले. माझ्या घराच्या रकान्यात मी 'सेप्टिक टाकी' लिहिले आणि विषय संपला. शाळेत मुलींना गणित शिकवणाऱ्या बाईला त्याच वेळी प्रश्न पडायला हवा होता. अकरा माणसांचे घर, रोजचे इतके पाणी, आणि टाकी तेरा वर्षांत भरत नाही, तर ते सगळे जाते कुठे?

तो प्रश्न मला पडायला आणखी बारा वर्षे लागली. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ आली. आधी दोन मुले, मग एक दुकानदार, मग एकाच घरातली तीन माणसे. माझी धाकटी जाऊ तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा आम्ही दिवस भरत आल्याचा त्रास समजलो. डोळे पिवळे दिसले, तेव्हा तीन दिवस निघून गेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात सोळा दिवस काढून ती घरी आली. बाळ आले नाही.

डॉक्टरांनी हिपॅटायटिस ई सांगितले. मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरणारी ही कावीळ आहे. बहुतेक माणसे त्यातून बरी होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती फार घातक ठरते. अशा बायकांपैकी वीस ते पंचवीस टक्के दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या राज्यात २०१२ साली इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली होती. हजारो लोक आजारी पडले होते आणि बळीही गेले होते.

साथ वाढल्यावर नळाची लाइन उकरली गेली. आमच्या घराचे नळाचे कनेक्शन नालीतून आडवे गेलेले होते. लोखंडी पाइप जोडावर गंजून कुजला होता. नळाला पाणी असते तेव्हा पाइपमध्ये दाब असतो आणि पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत शिरते. आमच्याकडे नळ दिवसाआड एक तास येतो. उरलेला सगळा वेळ तो जोड नालीच्या पाण्यात बुडालेला असे.

आणि त्याच जागेपासून चार हातांवर आमच्या 'सेफ्टी टँक'चा पाइप नालीत उघडत होता. बांधतानाच गवंड्याने टाकीच्या वरच्या अंगाला तो ठेवला होता. टाकी भरत नव्हती, कारण ती रोज सांडत होती.

नालीत घाण फक्त आमचीच होती असे मी म्हणत नाही. अख्ख्या गल्लीची होती. पण आमचीही होती. त्या पाण्याने आम्ही वुजू केला, त्यावर नमाज अदा केली, तेच पाणी जावेने प्यायले. मदरशात आपण शिकतो की नजासतीने पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली तर ते पाणी नापाक. आमच्या पाण्याचे या तिन्हींपैकी काहीच बदललेले कोणाला जाणवले नाही. विषाणू इतका बारीक असतो की तो आपल्या डोळ्याला, नाकाला आणि जिभेला चुकवून जातो. म्हणून पाणी पाक आहे का, हे आता फक्त भांड्यात बघून ठरवता येत नाही. ते कुठून आले आणि वाटेत त्याला काय भेटले, हेही बघावे लागते.

'सुधारित' शौचालय कोणते?

त्या पावसाळ्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. सरकारी अहवालांत आणि संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत 'सुधारित शौचालय' हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ फरशा किंवा कमोड असा नाही. माणसाचा आणि मैल्याचा संबंध येऊ न देणारे शौचालय, असा त्याचा अर्थ आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याची एक शिडीच केली आहे. सर्वांत खालची पायरी उघड्यावर जाण्याची. त्यावर असुधारित शौचालय : वर झाकणाची लादी नसलेला खड्डा, बादलीचा संडास, तळ्यावर किंवा ओढ्यावर टांगलेला संडास, आणि उघड्या नालीत सोडलेला संडासही. त्यावर मर्यादित सोय, म्हणजे शौचालय चांगले पण ते दुसऱ्या कुटुंबांबरोबर वाटून घेतलेले. चाळीतला सामायिक संडास इथे येतो. चौथी पायरी मूलभूत सोयीची : सुधारित शौचालय आणि ते फक्त आपल्या घराचे. सर्वांत वर सुरक्षित व्यवस्थापन. म्हणजे मैला जागेवरच नीट जिरतो, किंवा उपसून अथवा गटाराने नेऊन त्याच्यावर प्रक्रिया होते.

या शिडीवर खालाचा फरशीचा संडास दुसऱ्या पायरीवर बसतो. खेड्यातल्या गरिबाचा लादी टाकलेला साधा खड्डा, जो दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेतलेला नाही, तो तिच्या दोन पायऱ्या वर जातो. माझे घर कागदावर चौथ्या पायरीवर होते. पाचवीपासून ते किती दूर होते, ते आम्हाला दवाखान्यात कळले.

जगाचा हिशोब असा आहे. २०२२ मध्ये सुमारे ३५० कोटी लोकांना सुरक्षित व्यवस्थापनाची सोय नव्हती आणि जवळपास ४२ कोटी लोक उघड्यावर जात होते. त्यांतले बहुतेक आपल्यासारख्याच विकसनशील देशांतले. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत ४६.९ टक्के कुटुंबांच्याच घरात किंवा आवारात शौचालय होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ५३.१ टक्के होते आणि जवळपास १३ टक्के कुटुंबे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून होती. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली. खेड्यांत घरटी १२,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतःचे सुधारित शौचालय वापरणाऱ्या घरांत राहणारे लोक देशात ७० टक्क्यांवर आणि महाराष्ट्रात सुमारे ७२ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत देशातली १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचेही दिसले. प्रगती मोठी आहे. पण हे सगळे आकडे चौथ्या पायरीपर्यंतचे आहेत.

शेजाऱ्याचा संडास आणि आपले मूल

याच वाचनात एक संशोधन हाती लागले. ते आपल्या समाजाबद्दलच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

भारतातील मुस्लिम कुटुंबे उत्पन्नात, शिक्षणात आणि सरकारी सोयींत सरासरीने मागे आहेत. मग त्यांची बाळेही जास्त दगावत असतील, असे कोणालाही वाटेल. पण १९९० च्या दशकापासूनच्या पाहण्यांत उलटेच दिसत होते. मुस्लिम घरांतली बाळे पहिला वाढदिवस पाहण्याची शक्यता हिंदू घरांतल्या बाळांपेक्षा जास्त होती. हे कोडे अभ्यासकांना बराच काळ सुटत नव्हते. मायकेल जेरुसो आणि डीन स्पीअर्स या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे एक उत्तर मांडले. त्यांनी वापरलेल्या पाहण्या स्वच्छ भारत मोहिमेच्या आधीच्या आहेत. त्या काळात साधारण दोन-तृतीयांश हिंदू कुटुंबे उघड्यावर जात होती. मुस्लिम कुटुंबांत हे प्रमाण निम्म्याहून कमी होते.

इथपर्यंत वाचून मलाही मनातून बरे वाटले. तहारतची शिकवण, पडद्याची सवय, घरात संडास असावा ही ओढ, या सगळ्याचे फळ मिळाले म्हणायचे. पण अभ्यासाचा निष्कर्ष पुढे आहे. बाळाला मिळणारा फायदा त्याच्या स्वतःच्या घरामुळे नव्हता, तर शेजाऱ्यांमुळे होता. मुस्लिम कुटुंबे बहुधा मुस्लिम वस्तीत राहतात आणि त्या वस्तीत उघड्यावर जाणारे कमी असतात. म्हणून तिथली बाळे जास्त वाचतात. तुमचा धर्म कोणता यापेक्षा तुमच्या आजूबाजूचे लोक कुठे बसतात, हे बाळाच्या जिवाला जास्त महत्त्वाचे ठरते.

म्हणजे माझ्या मुलाचे रक्षण माझा संडास जितके करतो, त्याहून जास्त शेजाऱ्याचा संडास करतो. आणि शेजाऱ्याच्या मुलाचे रक्षण माझ्या हातात आहे. शेजाऱ्याच्या हक्काची ताकीद हजरत जिब्रील (अलै.) यांच्याकडून इतक्या वेळा झाली की शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळेल की काय असे प्रेषित (सल्ल.) यांना वाटू लागले, हे आपण प्रवचनात ऐकतो. रस्त्यात, सावलीच्या जागी, पाणवठ्यावर शौच करायला त्यांनी मनाई केली, हेही ऐकतो. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटात राहणाऱ्या माणसांना ही बंधने घातली गेली, कारण ती जागा दुसऱ्यांच्याही वापराची होती. गल्लीतली नाली दुसऱ्यांच्या दारासमोरून जाते. पाइपमधून सोडले म्हणून मनाई संपते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, तेव्हा मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

बांगलादेशातले एक गाव

ही शेजाऱ्याची गोष्ट सर्वांत आधी व्यवहारात आणली ती बांगलादेशाने. १९९० मध्ये तिथले ३४ टक्के लोक उघड्यावर जात होते. सरकार आणि संस्था संडासाचे सामान वाटत, अनुदान देत. लोक सामान घेत, काही बांधत, काही त्यात कोंबड्या ठेवत. २००० साली राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोइल या गावात कोलकात्याचे विकासतज्ज्ञ कमल कर आणि तिथली व्हिलेज एज्युकेशन रिसोर्स सेंटर ही संस्था यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी अनुदान दिले नाही की भाषणही केले नाही. गावकऱ्यांना जमिनीवर गावाचा नकाशा काढायला लावला. कोण कुठे बसतो त्या जागा पिवळ्या भुकटीने दाखवायला सांगितल्या. मग सगळे मिळून त्या जागांवरून फिरले. रोज किती मैला साचतो, माशा कुठून कुठे जातात, तळ्यात काय उतरते, याचा हिशोब गावकऱ्यांनीच केला. आपण एकमेकांचे खातो आहोत, हे कोणी सांगावे लागले नाही.

अशा गावांत लोकांनी बांबू, पत्रे, मातीची कडी, जे हाताशी होते त्यातून संडास बांधले. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली, महाराष्ट्रातही आली. बांगलादेशात शिक्षक, युनियन परिषदेचे सदस्य आणि मशिदींचे इमामही स्वच्छतेच्या मोहिमांत उतरले. २०१५ पर्यंत उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण तिथे जवळपास १ टक्क्यावर आले. आपल्यापेक्षा गरीब असलेल्या देशाने हे केले.

या पद्धतीवर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. काही ठिकाणी लोकांना शरमिंदे करणे हेच साधन झाले. शिट्ट्या वाजवणे, फोटो काढणे, एखाद्या म्हाताऱ्याला सर्वांसमोर हिणवणे. दुसऱ्याचे उणे झाकावे ही आपली शिकवण आहे. बांगलादेशाकडून घ्यायचे ते एकत्र बसून आपला नकाशा काढणे. आणि त्यांचे उरलेले कामही पाहायचे. उघड्यावर जाणे थांबले, पण दाट वस्तीतले खड्डे आणि टाक्या भरल्यावर तो मैला कुठे न्यायचा, हा प्रश्न आता तिथल्या शहरांपुढे आहे. म्हणजे ते आणि आपण एकाच पायरीवर अडलो आहोत.

फरशीच्या खाली

घर बांधताना आपण फरशीचा रंग पसंत करायला तीन दुकाने फिरतो. फरशीच्या खाली काय असावे, हे गवंड्यावर सोडतो. म्हणून थोडी माहिती.

जागा असेल आणि जमीन पाणी जिरवणारी असेल, तर दोन शोषखड्ड्यांचे शौचालय सर्वांत स्वस्त आणि चांगले. सुलभ संस्थेचे संस्थापक बिंदेश्वर पाठक यांनी ते देशभर रुजवले. भांड्यापासून निघालेला पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो. तिथून दोन फाटे दोन खड्ड्यांकडे जातात. एका वेळी एकच चालू. खड्ड्याच्या विटांत जाळीसारखी भोके ठेवतात आणि तळाला सिमेंट करत नाहीत. त्यामुळे पाणी जमिनीत मुरते. पहिला खड्डा काही वर्षांनी भरला की तो बंद करून दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत कोरडे, वास नसलेले खत होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत असा खड्डा स्वतः उतरून रिकामा केला होता, लोकांची किळस जावी म्हणून. खड्डा विहिरीपासून आणि बोअरपासून साधारण १० मीटर तरी दूर हवा. खडकाळ जमिनीत भेगांतून पाणी लांब जाते, तिथे जाणकाराला विचारल्याशिवाय खड्डा घेऊ नये.

शहरात जागा कमी असते, म्हणून टाकी. खरी सेप्टिक टाकी पाणी न झिरपणारी, दोन कप्प्यांची असते. गाळ खाली बसतो, पाणी दुसऱ्या कप्प्यातून पुढे जाते. ते पाणी दिसायला निवळ असले तरी जंतूंनी भरलेले असते. ते शोषखड्ड्यात किंवा भुयारी गटारात गेले पाहिजे, नालीत नाही. आणि टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. न उपसलेल्या टाकीत गाळ वर येतो आणि ती नुसती रुंद पाइप होऊन बसते. 'आमची टाकी कधी भरतच नाही' हे वाक्य कोणी अभिमानाने सांगितले, तर घाबरावे.

आपल्याच राज्यात याचे चांगले उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी २०१८ पासून शहरातल्या टाक्या क्रमाने, तीन वर्षांत एकदा उपसण्याची व्यवस्था सुरू केली. टाकी तुंबल्यावर फोन करायचा नाही, तर गाडी ठरलेल्या पाळीने दारात येते. उपसलेला मैला ओढ्यात न सोडता प्रक्रिया केंद्रावर जातो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने त्यात मदत केली. वाईत त्यासाठी वेगळा कर आहे. लहान गावांना हे जमते, तर बाकीच्यांनाही जमेल.

टाकीत कोण उतरतो?

एक गोष्ट राहून जाऊ नये. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून किंवा चार पैसे वाचावेत म्हणून आजही माणूस टाकीत उतरवला जातो. बंद टाकीत विषारी वायू साचतो. झाकण उघडून वाकलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढायला लावणे आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. आपल्या समाजातही हलालखोर म्हणून एका बिरादरीला पिढ्यान्‌पिढ्या हेच काम दिले गेले आणि मग त्यांच्या हातचे पाणी घ्यायला आपणच संकोच केला. आपली पाकी दुसऱ्याच्या जिवावर उभी असेल, तर तिला पाकी म्हणता येणार नाही. आपल्या दारात कोणी माणूस उतरवायला निघाला, तर झाकणावर उभे राहून नाही म्हणावे.

आपण काय करू शकतो?

आमच्या घरी आम्ही टाकी गाडीने उपसून घेतली. तिचा नालीकडचा पाइप बंद केला. मागच्या अंगणात शोषखड्डा घेतला. नळाचे कनेक्शन नालीतून काढून भिंतीवरून उंच आणले. सगळे मिळून खर्च धाकट्या दिराच्या मोटारसायकलच्या किमतीहून कमी आला. मोटारसायकल घेताना मात्र आम्ही इतका विचार केला नव्हता.

पण गल्लीत सगळ्यांकडे अंगण नाही. खालाच्या घराला मागे जागाच नाही. तिथे एकट्या घराने काही होणार नाही, सर्वांनी मिळून भुयारी गटार मागावे लागेल. अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर बेचाळीस सह्या आहेत आणि पहिली सही खालाची आहे. मशिदीच्या कमिटीने जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटे दिली. पुरुषांना त्याच वेळी कळले की गरोदर बायका आणि म्हाताऱ्या आया उघड्या नालीच्या काठाने जपून जातात, आणि सामायिक संडासाला रात्री जावे लागू नये म्हणून मुली संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या महिन्यात एवढे तरी करा. आपल्या घराचा पाइप कुठे उघडतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. टाकी शेवटची कधी उपसली ते वडीलधाऱ्यांना विचारा आणि तारीख भिंतीवर लिहा. नळाचा पाइप नालीतून जातो का ते पाहा, जात असेल तर उद्याच बदला आणि तोवर पाणी उकळून प्या. नवे घर बांधत असाल, तर गवंड्याला पहिला प्रश्न टाकीच्या पाण्याचा विचारा. मोहल्ल्याच्या कमिटीत हा विषय काढा आणि शेजारी दुसऱ्या धर्माचा असेल तर त्यालाही बरोबर घ्या, कारण नाली दोघांच्या दारातून जाते.

मी सातवीच्या मुलींना घरपाठ दिला होता. आपल्या घरातून निघालेले पाणी कुठपर्यंत जाते ते शोधून लिहून आणा. बहुतेकींनी 'नालीत' एवढेच लिहिले. एक मुलगी मात्र नालीच्या काठाने चालत गेली होती. तिने लिहिले : "आमच्या घरून निघून मशिदीच्या मागून तुमच्या गल्लीत येते, आपा. पुढे मोठ्या नाल्यात जाते, आणि नाला नदीला मिळतो."

त्या नदीवर आमच्या शहराच्या खाली आणखी सात गावे आहेत. त्यांचे पाणी तिथूनच येते.